आईचं ऑपरेशन, ब्याण्णवाव्या वर्षी

३ फेब्रुवारी, मंगळवार

आईला कॅन्सर आहे. लिहून टाकलं एकदाचं. तोंडाने म्हणायला अजून जमलेलं नाही.

रिपोर्टचं पाकीट हॉस्पिटलच्या जिन्यातच फोडलं. मोठं आतडं, डावी बाजू, खालचा भाग. दुर्बिणीतून तुकडा काढला होता त्यात आलंय. आई खाली बाकावर बसली होती. पर्स मांडीवर आणि दोन्ही हात पर्सवर — जसं काही कुणी पळवणारच आहे! मला बघून म्हणाली, "काय रे गुंड्या, तोंड का उतरलंय? नापास झाले का मी?"

म्हटलं, "काही नाही. आतड्याला जखम आहे, त्यातून रक्त जात होतं. औषधाने भरेल."

"मग चल. भूक लागलीय."

गाडीत ती दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत होती, मी हो-हो करत होतो. ब्याण्णव वर्षांची बाई. लोक म्हणतील पिकलं पान. पण पान आपल्या झाडाचं असलं की पिकलंय-बिकलंय काही डोक्यात येत नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

धाकट्या बहिणीचा फोन. (पासष्टीची झाली, तरी आमच्यात चिमीच.) खूप रडली. मग नाक पुसून हुकूम सोडायला लागली — तीच ती. "दादा, तिला सांगायचं नाही. आणि कापाकापी तर मुळीच नाही. या वयात कशाला हाल? सुखाने जाऊ दे."

मी म्हटलं, माझंही तेच मत. खरंच तेच आहे. आमची ही गेली त्या वर्षी हॉस्पिटलचे सगळे जिने चढून झालेत माझे. पुन्हा नकोत. हे मत आईच्या भल्यासाठी की माझ्या, ते मात्र विचारू नये.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

डॉक्टरीणबाईंना भेटलो. पोटाच्या सर्जन. चाळिशीच्या असतील. कमी बोलतात आणि समोरच्याला पूर्ण बोलू देतात, हे त्याहून अवघड!

मी आमचं ठरलेलं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "पेशंट कुठे आहेत?"

"घरी. ब्याण्णव वर्षांची आहे हो ती."

"ते कागदावर आहे. त्यांना काय वाटतं, ते कुठे आहे?"

"तिला सांगितलेलं नाही," म्हटलं. त्यांनी नुसती मान हलवली. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हणाल्या, "मंगळवारी घेऊन या. काय सांगायचं, किती सांगायचं, ते त्याच ठरवतील."

८ फेब्रुवारी, रविवार

तिला माहीत आहे! चार दिवसांपासून!

सकाळी चहा घेताना म्हणाली, "चिमीला सांग, फोनवर एवढं मोठ्याने रडू नकोस. घसा बसेल."

माझा कप तोंडाशी तसाच.

"अरे, जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली मी. लोकांचं बोलणं कानावर पडूनही ऐकायचं नाही, त्याचा पगार मिळायचा. आता पगार बंद झालाय. आता ऐकते."

मग हसली. मला हसू येईना. तिनेच माझ्या हातातला कप काढून घेतला. "कॅन्सर ना? म्हण की. म्हटल्याने वाढत नाही तो."

म्हटलं. तिच्यासमोर, तिच्या आधी माझ्याच डोळ्यांना धार लागली. एकोणसत्तर वर्षांचा बाप्या आणि स्वयंपाकघरात बसून हुंदके देतोय!

तिने रडू दिलं. मग म्हणाली, "मंगळवारी मी निळी साडी नेसणार आहे. इस्त्री करून आण."

१० फेब्रुवारी, मंगळवार

आजचं सगळं लिहून ठेवायला हवं.

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची फिरवली ती सरळ आईकडे. माझ्याकडे पाठच म्हणायची. आईच्या कानातलं यंत्र नीट बसलंय का ते बघितलं आणि मग बोलायला लागल्या. आईने एकच प्रश्न तयार ठेवला होता. "नाही केलं तर?"

"गाठ वाढेल. आतड्याची वाट जवळजवळ बंद होत आलीय. पूर्ण बंद झाली की पोट फुगेल, उलट्या होतील, घाईघाईने ऑपरेशन करावं लागेल. तेव्हा अंगात ताकद नसेल. ते ऑपरेशन फार वाईट असतं."

"आणि केलं तर?"

"ऑपरेशनमध्ये जीव जाऊ शकतो. नंतर छातीत कफ भरू शकतो. हृदय थकू शकतं. काही दिवस भ्रम होऊ शकतो. तुमच्या वयात यातलं काहीच दुर्मीळ नाही. बऱ्या झालात तरी आधीइतकी ताकद परत येईलच असं मी सांगणार नाही. आणि आतडं मी पुन्हा जोडणार नाही. या वयात जोड सुटण्याची भीती फार. पोटावर आतड्याचं तोंड काढीन, तिथे शौचाची पिशवी. कायमची."

पिशवी म्हटल्यावर आई पहिल्यांदा खाली बघायला लागली. मी मध्ये तोंड घातलं — "आई, काही जबरदस्ती नाही. घरी औषधं घेऊन—"

"तू थांब." मग बाईंना म्हणाली, "तुमची आई असती तर?"

"माझी आई असती तर मी तिलाच विचारलं असतं. तुम्हाला अजून जगायचंय का, आणि कशासाठी?"

असं कुणी विचारतं का! मी खुर्चीतून उठणारच होतो.

आई म्हणाली, "कशासाठी म्हणजे काय? फार मोठं काही नाही. सकाळचा चहा आवडतो मला. पेपर आवडतो. याच्याशी भांडायला आवडतं. एवढ्याने भागतं का तुमच्या नियमात?"

"भागतं," बाई म्हणाल्या. त्या हसल्या तेव्हा कळलं, त्याही घाबरल्या होत्या.

"मग करा. तुंबून मरायचं नाही मला. मोरीसारखं!"

११ फेब्रुवारी, बुधवार

चिमी : "दादा, आईचं काही बरंवाईट झालं तर तुझं तोंड बघणार नाही मी." फोन आपटला.

१६ फेब्रुवारी, सोमवार

ऑपरेशन लगेच नाही. आधी अंगात ताकद भरायची. रक्त कमी होतं म्हणून शिरेतून लोह दिलं. दोन वेळा अंडं, दूध. मजल्यावरच्या व्हरांड्यात चालायचं. आणि एक प्लॅस्टिकचं यंत्र — आत तीन गोळ्या, नळीने श्वास आत ओढायचा की गोळ्या वर चढतात. पहिल्या दिवशी एक गोळी जेमतेम हलली. आज दुसरीही वर गेली. आईने यंत्र माझ्या हातात दिलं, "तू ओढ बघू." मी दम लागेपर्यंत ओढलं. दोनच चढल्या! दुपारी शेजारीणबाई आल्या तर त्यांना सांगत सुटली — "पोरगं अगदीच तकलादू निघालं."

२० फेब्रुवारी, शुक्रवार

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी हृदय, फुप्फुसं, सगळं तपासलं. "वयाच्या मानाने उत्तम" म्हणाले. हे 'वयाच्या मानाने' मला आवडत नाही. मी माझ्या चष्म्याच्या दुकानात म्हाताऱ्या गिऱ्हाइकांचे डोळे तपासून हेच म्हणतो. आता म्हणणार नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आज भरती केलं. आईने बाईंना बोलावून स्वच्छ सांगितलं, "केलंत आणि बिघडलं, तर नळ्या लावून ताटकळत ठेवू नका. जाऊ द्या. हा रडेल, याचं ऐकू नका." बाईंनी ते तिच्यासमोर फाइलमध्ये लिहिलं, वाचून दाखवलं. आईने सही केली. सहीचं वळण अजून तसंच, टपोरं.

मग कवळी काढून डबीत घातली आणि डबी मला दिली. "सांभाळ. नवी आहे."

दातांशिवाय तिचं तोंड एवढंसं दिसतं. मी व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो.

२५ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी नेलं. दारापर्यंत मी ढकलगाडीबरोबर चालत गेलो. म्हणाली, "जेवून घे. इथे उपाशी बसून माझं ऑपरेशन लवकर होणार नाही." दार मिटलं.

चिमी आली! न सांगता, पहाटेच्या गाडीने. माझ्याशी बोलली नाही. बाकावर शेजारी बसली. बऱ्याच वेळाने तिने पिशवीतून केळं काढलं, सोललं, अर्धं मला दिलं. आमचं भांडण लहानपणापासून असंच मिटतं.

प्रत्येक वेळी दार उघडलं की दोघंही उठायचो. कुणी दुसरंच असायचं. पुन्हा बसायचो. मनात एकच — आपण हो म्हणालो. ती म्हणाली हे खरं, पण आपणही मान हलवली.

दुपारी डॉक्टरीणबाई आल्या. टोपीचा वळ कपाळावर. "गाठ पूर्ण निघाली. मध्येच रक्तदाब फार पडला होता, सावरला. आता पुढचे काही दिवस त्यांचे."

चिमीने त्यांचा हात धरला आणि सोडेचना.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

आयसीयू. काचेतून. नर्सने हाताने खूण केली तशी माझ्या दिशेने भुवई उडवली. तीच, आमचीच!

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

आई भ्रमात आहे.

एक्स्चेंजमध्ये आहे ती. हवेत हात नेते, तारा उपटते, दुसरीकडे खोचते. नर्सला — "थांबा, लाईन मोकळी नाही." डॉक्टरीणबाईंना — "तुमचा ट्रंक कॉल लागलाय, बोला." बाई गडबडून "हॅलो" म्हणाल्या! चिमीला हसू फुटलं आणि हसता हसता ती रडायला लागली.

मग आई एकदम गंभीर झाली. कान देऊन ऐकत राहिली. म्हणाली, "नाही, त्यांना सांगा, आत्ता येता येणार नाही. मी कामावर आहे." मी कानाशी जाऊन विचारलं, "कोण आहे गं?" माझ्याकडे न बघता म्हणाली, "आमचे हे. कधीपासून फोन करतायत."

बाबांना जाऊन तीस वर्षं होत आली. पण तिने तार उपटली आणि पुढचा फोन घेतला.

२८ फेब्रुवारी, शनिवार

आज मला ओळखलं नाही. "हा माणूस कोण? याला बाहेर काढा." मी जवळ गेलो तर मनगटावर ओरबाडलं. सलाईनची सुई उपटली होती, चादरीवर रक्त. तिची नखं मीच कापायचो दर रविवारी. गेल्या रविवारी राहिली.

हेच नको होतं. हेच सांगत होतो सगळ्यांना. ती जगेल आणि तिच्यातली आई परत येणार नाही — मग काय करणार?

चिमीने माझं मनगट पुसलं.

१ मार्च, रविवार

मी मूर्ख आहे! ठार मूर्ख!

सकाळी तिच्या डोळ्यांकडे बघत बसलो होतो आणि लख्ख डोक्यात आलं. तिला दिसतच नाहीये. चष्मा घरी, टेबलाच्या खणात. कानातलं यंत्रही तिथेच. भरतीच्या दिवशी "हरवेल" म्हणून मीच काढून नेलं. भिंगांशिवाय तिला हाताच्या अंतरावरचा माणूस म्हणजे नुसता डाग. जन्मभर लोकांना चष्मे लावणारा मी, आणि सख्ख्या आईला आंधळी-बहिरी करून अनोळखी खोलीत टाकली.

धावत घरी. धावत परत. कानात यंत्र, नाकावर चष्मा. बाईंनी पलंग खिडकीजवळ घेऊ दिला. आई बराच वेळ खोली बघत राहिली. छत. खिडकी. चिमी. मग मी.

"गुंड्या, दाढी का नाही केलीस?"

एवढंच. मग झोपली. पूर्ण बरी नाही अजून, दुपारी पुन्हा थोडी तारांची उपटाउपटी झाली. पण दाढीचं विचारलं!

५ मार्च, गुरुवार

पिशवी.

ती लावायला शिकवणारी एक खास नर्स आहे. चिमीने एकदा बघितलं आणि भिंत धरून खाली बसली. राहिलो मी. शिकलो. कड मोजायची, भोक कापायचं, कातडी पुसून कोरडी करायची, चिकटवायची. फ्रेममध्ये भिंग बसवण्याइतकंच नाजूक काम. हाताला जमलं.

पण आईने पदर ओढून घेतला. "नाही. तू नाही."

मी ठरवूनच ठेवलेलं वाक्य टाकलं, "अगं, माझं सगळं तू केलंसच ना?"

"केलं. तेव्हा तुला कळत नव्हतं. मला कळतं."

बाहेर आलो.

८ मार्च, रविवार

करार झाला. पिशवी ती स्वतःच लावणार. खाली मान घालून तिला पोटावरचं दिसत नाही, म्हणून मी समोर आरसा धरायचा — आणि भिंतीकडे बघायचं. आरसा धरायची मला सवय आहेच. तिचे हात थरथरतात. दोनदा चुकलं, सगळीकडे झालं. तिसऱ्यांदा बसलं. मी भिंतीकडे बघत होतो. भिंतीला बारीक चीर आहे, दाराच्या चौकटीपर्यंत जाते.

"बस? झालं?" मी.

"झालं. तिकडेच बघ अजून. साडी नीट करू दे."

११ मार्च, बुधवार

घरी आणलं. चिमी परत गेली. जाताना मला म्हणाली, "दादा, तुझं तोंड बघेन बरं का." दोघंही हसलो.

१९ मार्च, गुरुवार

गाठीचा रिपोर्ट चांगला. आजूबाजूच्या ग्रंथी स्वच्छ. आणखी औषध नाही, केमो नाही. बाईंनी आईला उठून नमस्कार केला, आईने त्यांच्या गालाला हात लावला.

निघताना बाई मला म्हणाल्या, "तुम्ही कधी तपासून घेतलंत?" मी म्हटलं, मला काय धाड भरलीय! त्या म्हणाल्या, "आईंना नव्वदीनंतर झालं, म्हणजे घराण्यातूनच आलंय असं नाही. पण तुमचंही वय आहे. एकदा बघून घ्यावं." आई लगेच — "आत्ताच लिहून द्या." मी कागद खिशात कोंबला.

३० मार्च, सोमवार

सगळं छान झालं असं लिहायचा मोह होतो. तसं नाही. दिवसभर झोपते. व्हरांड्याच्या टोकापर्यंत जायची, आता अर्ध्यात भिंत धरते. पेपरची घडी न मोडता तशीच पडते. पिशवीचा वास येतो असं तिला वाटतं, शेजारीणबाई आल्या की आतल्या खोलीत जाते.

आज म्हणाली, "गेले ती मी. परत आली ती दुसरीच कुणीतरी. हिचं काय करायचं?"

मी म्हटलं, "पस्तावतेस?"

"नाही. थकलेय. दोन्ही एक नव्हे."

१२ एप्रिल, रविवार

आज जिना उतरून खाली गेलो. एकेक पायरी. आवारातल्या बाकावर उन्हात बसली. पेपर उघडला! पहिल्याच पानावर मुद्रणदोष सापडला म्हणून खूश. शेजारीणबाई येऊन बसल्या, तर उठून गेली नाही. उलट त्यांना सांगितलं, "माझ्या पोटावर पिशवी आहे. आवाज झाला तर घाबरू नका." त्या म्हणाल्या, "मला गुडघ्यात स्टील आहे." मग दोघी बराच वेळ सुनांबद्दल बोलत बसल्या. आईला सून आता नाही, तरी!

वर आल्यावर पुन्हा माझ्या तपासणीचं काढलं. जेवू देईना. कटकट मिटावी म्हणून वेळ घेतली.

१७ एप्रिल, शुक्रवार

उद्या माझी दुर्बीण. पोट साफ करायचं ते पाणी पीत बसलोय. दर थोड्या वेळाने धावतोय. आई खुर्चीत बसून तोंडाला पदर लावून हसतेय — कितीतरी आठवड्यांनी अशी हसली. ओरडून विचारते, "आतून कडी नको लावूस रे, पडलास तर?" त्या हसण्यापुरती तरी ही तपासणी वसूल.

२४ एप्रिल, शुक्रवार

मलाही आहे. उजव्या बाजूला. गाठ आईच्यापेक्षा मोठी. पसरलीय का ते पुढच्या तपासण्यांत कळेल.

घरी आलो आणि आईला समोर बसून सरळ सांगितलं. तिने यंत्र कानातून काढून, पुसून पुन्हा लावलं. म्हणाली, "परत सांग." परत सांगितलं.

मग खुर्चीचे हात धरून उठली. स्वयंपाकघरात गेली आणि दोन अंडी उकडायला ठेवली. माझ्याकडे पाठ करून म्हणाली,

"म्हणजे आता मला इतक्यात मरता येणार नाही."